मालधक्क्यावरचे नाना

नवा माणूस भेटला की आमचे नाना त्याचं नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. विचारतात, "पेपर कुठला घेता?" हा प्रश्न त्यांनी नव्या जावयाला विचारलाय, दाताच्या डॉक्टरला त्याचा हात आपल्या तोंडात असताना विचारलाय, आणि गॅसची टाकी खांद्यावर घेऊन जिने चढून आलेल्या पोरालाही विचारलाय. उत्तर आलं की नाना मान मागे घेतात, चष्म्याच्या वरून बघतात आणि म्हणतात, "कळलं."

"काय कळलं?"

"गाडी कुठल्या लाइनची ते कळलं."

गॅसवाला पोरगा म्हणाला, "आजोबा, मी पेपर वाचतच नाही." नाना बराच वेळ अस्वस्थ होते. शेवटी त्याच्या टेम्पोच्या मागे काय लिहिलंय ते बघायला गॅलरीत गेले. मागे फक्त 'हॉर्न ओके प्लीज' होतं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

नानांची नोकरी रेल्वेतली, दौंडच्या मालधक्क्यावर क्लार्क. त्या काळी मालगाडीच्या वाघिणीला लेबल लागायचं : कुठून निघाली, कुठे जायची, आत काय. बिनलेबलाची वाघीण यार्डात उभी दिसली की नानांच्या पोटात गोळा यायचा. निवृत्तीनंतर वाघिणी गेल्या, सवय राहिली. आता नाना माणसांना लेबलं लावतात. लाइनी दोनच : पुरोगामी आणि सनातनी. कुणी म्हणालं, "नाना, मी आपला मधला," तर नाना म्हणतात, "मधला कुणी नसतो. सिग्नल मिळाला नाही म्हणून उभा असतो."

उलट्या बाजूचेही नाना असतात. शिरूरला आमच्याच नात्यात एक आहेत. ते 'पुरोगामी' हा शब्द असा उच्चारतात की ऐकणाऱ्याने पायात चप्पल घालून निघावं. दोघांना एका लग्नात शेजारी बसवलं तर वरणभातापर्यंत एकमेकांशी भांडतात आणि जिलबी येईपर्यंत दोघे मिळून समोर बसलेल्या तिसऱ्याचं लेबल ठरवतात. तेवढ्यापुरतं त्यांचं फार जमतं.

स्वतः नाना अर्थातच पुरोगामी. यात ढोंग नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. बैठकीत फुले, शाहू, आंबेडकर आणि पंडिता रमाबाई अशा चार तसबिरी आहेत. देव स्वयंपाकघरात, पडद्याआड. त्याला नाना 'काकूंचा विभाग' म्हणतात आणि तिकडे ढवळाढवळ करत नाहीत. पुण्याहून लोकलने येताना केडगाव जवळ आलं की नानांचा आवाज चढतो. डब्यातल्या अनोळखी माणसांना ते सांगू लागतात, की रमाबाईंनी १८८९ साली मुंबईला शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला आणलं, तिथे धर्मांतरावरून गदारोळ झाला, 'केसरी'ने झोडपलं, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी बायका-मुली आणून या बाईने इथे माळरानावर वसवल्या. इथेच बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते छापायला खिळे जुळवले ते इथल्याच बायकांनी. "आणि १९२२ साली इथेच गेल्या!" असं म्हणून नाना खिडकीबाहेर हात करतात, तोवर स्टेशन येतं.

पंचाईत अशी, की त्याच केडगावात नारायण महाराजांचं बेट आहे, दत्ताचं मोठं देवस्थान. त्यामुळे नाना उतरणाऱ्यांची वर्गवारी करत बसतात : हा रमाबाईंच्या मुक्ती मिशनचा, हा बेटाचा. एकदा एक बाई फुलांची परडी घेऊन उतरायला निघाली. नाना मला कोपराने ढोसून म्हणाले, "बेट." बाईने ऐकलं. वळून म्हणाली, "बेटावर सकाळी जाऊन येते आजोबा, ड्यूटी मुक्तीत असते. दहाची." आणि उतरून गेली. दौंड येईपर्यंत नाना एक शब्द बोलले नाहीत.

तर असे हे जगाला पुढे नेणारे नाना. फक्त त्यांचा चहा दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी लागतो. चारला नाही, सव्वाचारला नाही. पूर्वी कुठलीशी पाळी चारला सुटायची म्हणे. चहा स्टीलच्या पेल्यातून, आणि त्या पेल्याला दुसऱ्याने तोंड लावलेलं चालत नाही. ("हे सोवळं नाही, स्वच्छता आहे.") खुर्ची तीच, तिची दिशाही तीच. काकूंनी एका दिवाळीत ती झाडायला म्हणून खिडकीकडे सरकवली, तर नाना तिच्यासमोर उभेच राहिले, दर्शनाला उभे राहावेत तसे. फोनवरून पैसे पाठवायला शिका म्हटलं तर म्हणतात, "पोस्टात काय वाईट आहे?"

आणि कॉर्ड लाइनचा विषय तर त्यांच्यासमोर काढूच नये. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्या दौंडला येऊन उलट्या फिरतात. म्हणजे इंजिन या टोकाचं काढून त्या टोकाला लावावं लागतं. तेवढ्या वेळात फलाटावर चहा विकला जातो, वडे विकले जातात, जवान नळावर तोंड धुतात आणि दौंड हे नाव देशभरच्या माणसांच्या लक्षात राहतं. ही कटकट वाचावी म्हणून गावाबाहेरून कॉर्ड लाइन टाकली, तिच्यावर वेगळं स्टेशन बांधलं आणि काही गाड्या दौंडला न शिवताच जाऊ लागल्या. वेळ वाचला, प्रवासी खूश. नाना सोडून. "शे-दीडशे वर्षं इंजिन फिरतंय," ते म्हणाले, "कुणाचं काय बिघडलं होतं?"

मी म्हटलं, "नाना, हे वाक्य सनातन्यांचं आहे."

"हा तांत्रिक प्रश्न आहे," नाना म्हणाले.

नानांचं सगळ्यात जुनं लेबल आमच्या दाजींच्या गळ्यात आहे. दाजी म्हणजे माई आत्याचे यजमान; घरातली लहानथोर सगळीच त्यांना दाजी म्हणतात. राहायला शिरूर तालुक्यात न्हावऱ्याजवळ, वस्तीवर. दौंडहून जायचं तर चौफुल्यावरून न्हावऱ्याचा फाटा धरायचा, मधे भीमा ओलांडायची, दोन्ही बाजूंना ऊस. दाजींच्या गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कडक, चातुर्मासात कांदा-लसूण बंद, अमावस्येला नवी खरेदी नाही. लग्नात मुहूर्त टळू नये म्हणून त्यांनी घोडीवरून उडी मारली होती. तेव्हाच नानांनी लेबल लावलं : सनातनी. दाजींचं त्यावरचं म्हणणं इतकंच, "असंल." नानांना हे 'असंल' फार लागतं. लेबल लावलं की समोरच्याने चिडावं, वाद घालावा, निदान पेपर फेकावा. दाजी "असंल" म्हणतात आणि गाईला पाणी दाखवायला उठतात.

नानांची लेक, म्हणजे माझी चुलत बहीण, पुण्यात मानसशास्त्र शिकवते. नाना तिला मधूनमधून संशयाने न्याहाळतात. तिचं लेबल अजून लागायचंय. एका दिवाळीत सगळे दौंडला जमलो असताना तिने सहज एक अभ्यास सांगितला. अमेरिकेत २००८ साली काही संशोधकांनी माणसांच्या झोपायच्या आणि कामाच्या खोल्या जाऊन तपासल्या होत्या. परंपरावादी मंडळींच्या खोल्यांत कॅलेंडर, टपालाची तिकिटं, दोरा-सुतळी, इस्त्रीचं टेबल, कपड्यांची टोपली असल्या व्यवस्थेच्या वस्तू जास्त सापडल्या. उदारमतवाद्यांच्या खोल्यांत तऱ्हेतऱ्हेची पुस्तकं, गाणी, रंगसामान, सिनेमाची तिकिटं, देशोदेशीचे नकाशे.

बोलणं संपायच्या आत सगळं घर नानांच्या खोलीत शिरलं.

दारामागे 'कालनिर्णय'. त्यावर दूध, सिलिंडर, विम्याचा हप्ता, सगळं नानांच्या मोत्यासारख्या अक्षरात. टेबलाच्या खणात सुतळीचे गुंडे, लांबीप्रमाणे लावलेले. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या डबीत रेव्हेन्यू स्टॅम्प. खिडकीशी इस्त्रीचं टेबल. नाना स्वतःचे कपडे स्वतः इस्त्री करतात, ही त्यांची स्त्री-पुरुष समानता. खाली वेताची टोपली. पोरं एकेक वस्तू वर धरत होती आणि ओरडत होती. नानांचा चेहरा, धाड पडलेल्या अधिकाऱ्याचा असतो तसा झाला.

"पुस्तकं बघा की!" ते म्हणाले. "अख्खं कपाट आहे!"

कपाट होतं. कुलूपबंद. आत प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचं वेष्टन, वेष्टनावर नंबर.

"पण नाना, नाना विषयांची लागतात," बहीण म्हणाली.

"आहेत की. एक ते चाळीस समाजसुधारणा. एक्केचाळीसपासून पुढे रेल्वे."

इतका वेळ दाजी दारात उभे होते. कुणीतरी त्यांना विचारलं, तुमच्या खोलीत काय आहे? "मला कुठली आलीय खोली," दाजी म्हणाले. पण आम्ही सगळ्यांनीच ती पाहिलेली. दाजी जिथे झोपतात तिथे खताच्या दोन गोण्या, गाथा, ड्रॅगन फ्रूटची लागवड शिकवणारं पुस्तक, ड्रोनने फवारणी करणाऱ्या कंपनीची पत्रकं, नातवाची रंगपेटी, कीर्तनांच्या कॅसेटी आणि भिंतीवर जगाचा नकाशा. नकाशा नातवाने चिकटवला, पण दुबई आणि रॉटरडॅमभोवती पेनाने गोल केलेत ते दाजींनी. डाळिंबं कुठे जातात ते कळावं म्हणून. कॅलेंडर नाही. एकादशी त्यांना बघावी लागत नाही, पाठ असते.

म्हणजे अमेरिकेतल्या हिशेबाने दाजी पुरोगामी आणि नाना सनातनी.

"खोलीत पसारा असला म्हणून माणूस पुरोगामी होत नाही!" नाना गरजले.

बहिणीने समजूत घातली. म्हणाली, हे शेकडो माणसांच्या सरासरीचं असतं. नव्याची ओढ कुणाला अंमळ जास्त, शिस्तीची कुणाला जास्त, एवढंच यातून दिसतं. फरकही बारीक असतात, आणि तेही तिकडच्या विद्यार्थ्यांचे आणि नोकरदारांचे. एका माणसाला ते लावायचं नसतं. स्वभाव ही एक गोष्ट, मतं दुसरी, आणि वेळ आल्यावर माणूस काय करतो ही तिसरी.

"म्हणजे वाघिणीला लेबल लावायचं नाही," नाना म्हणाले, "अख्ख्या मालगाडीला मिळून एकच लावायचं?"

"साधारण तसंच."

"मग माल पोचायचा कसा?"

याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी 'कालनिर्णय' स्वयंपाकघरात, काकूंच्या विभागात गेलेलं दिसलं. तेव्हापासून नाना तारीख बघायला दिवसातून दहादा स्वयंपाकघरात जातात आणि काकू म्हणतात, यापेक्षा ते सनातनी होते ते बरं होतं.

नाना मात्र हार मानणारे नव्हेत. त्यांनी कुठूनतरी दुसरा अभ्यास शोधून काढला, तोही २००८ चाच. नेब्रास्कातल्या शेहेचाळीस माणसांना अचानक मोठा आवाज ऐकवला, तोंडावर बसलेल्या कोळ्याचं वगैरे चित्र दाखवलं. जी जास्त दचकली ती मतांनी कडक निघाली : लष्कराला पैसा द्या, गुन्हेगाराला फाशी द्या. "सनातनी माणूस मुळात भित्रा असतो. शास्त्राने सिद्ध झालंय," असं नानांनी दाजींना फोन करून कळवलं. दाजींनी नेहमीचं उत्तर दिलं. योगायोगाने त्याच आठवड्यात न्हावऱ्याकडे उसात बिबट्या दिसला आणि नाना तिथे मुक्कामाला होते. बिबट्या मुळात लाजाळू प्राणी, आपणच त्याच्या घरात शिरलोय, यावर त्यांनी ओट्यावर सुंदर बौद्धिक घेतलं. रात्री मात्र त्यांना बाहेर जायची गरज लागली तेव्हा हातात कंदील, पुढे दाजी, मागे दाजींचा थोरला आणि मध्ये विज्ञान, अशी मिरवणूक निघाली. पुढे बहिणीने सांगितलं की २०२० मध्ये तोच प्रयोग अमेरिकेत आणि नेदरलँडमध्ये खूप जास्त माणसांवर करून पाहिला, तेव्हा तसं काही आढळलं नाही. नाना भडकले. "पुन्हा कशाला करायचा? एकदा झाला होता ना प्रयोग!"

जिवंत माणसं एक वेळ लेबल लावून घेतात. मेलेली मुळीच दाद देत नाहीत. नानांचं खरं दुखणं तिथे आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गावातली बडी मंडळी व्याख्यानाला जमली, पुढ्यात चहा-बिस्किटं आली, आणि गोपाळराव जोशी या इरसाल गृहस्थाने, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं पेपरात छापवली. ग्रामण्य झालं, म्हणजे जातीच्या बहिष्काराचं प्रकरण. त्या यादीत न्यायमूर्ती रानडेही होते आणि लोकमान्य टिळकही. पुढे दोघांनाही प्रायश्चित्ताची वाट धरावी लागली. नानांना हे सोसत नाही. सुधारकाने प्रायश्चित्त घ्यावं? आणि सनातन्यांच्या पुढाऱ्याने मुळात तिथे जावंच कशाला? वर त्याच रानड्यांनी, विधवाविवाहाचा एवढा पुरस्कार करून, १८७३ मध्ये वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी दुसरं लग्न केलं. आणि मग लोक काय म्हणतील ते म्हणोत, घरच्यांचा विरोध असतानाही तिला स्वतः शिकवलं. ही वाघीण लावायची कुठल्या लाइनीला? नाना हा पेच दाजींना तासभर समजावून सांगत होते. दाजींनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बिस्किटं कोणती व्हती?"

इनामगावचंही तसंच. न्हावऱ्यापासून जवळ, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथे १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव वर काढलं. ती माणसं आपल्या मेलेल्यांना घरातच, जमिनीखाली पुरायची. मोठं माणूस असेल तर घोट्याखाली पाय तोडून. परत उठून चालत जाऊ नये म्हणून असावं, असा अंदाज. नाना आम्हां पोरांना तिथे घेऊन गेले होते. आता तिथे पाहायला फारसं काही नाही, म्हणून नाना जास्तच बोलले. "बघा, अंधश्रद्धा किती जुनी! हे आद्य सनातनी!"

"घरातच ठिवायचं म्हंजे माया असंल," दाजी म्हणाले. "गेलेलं माणूस लांब जाऊ ने म्हून."

मग बहिणीने सांगितलं की एक पुरुष मात्र पायासकट सापडला. चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेला, मोठ्या घराच्या अंगणात. दाजी लगेच म्हणाले, "त्यो सरपंच असणार." पुरातत्त्ववाल्यांचाही तर्क थोडाफार तोच आहे. नियम सगळ्यांना, सरपंच सोडून. नाना म्हणाले की हे तर अजूनही चालू आहे, आणि त्या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत होऊन आम्ही घरी परतलो.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, दाजी खरे मोकळे आणि नाना उगाच बडबडे. तसं नाही. दाजींच्या धाकटीने जातीबाहेरचा मुलगा पसंत केला तेव्हा दाजी "असंल" म्हणाले नाहीत. ताटावरून उठले. महिनोन्‌महिने त्या पोरीचं नाव घरात निघालं नाही, आणि माई आत्या चुलीपुढे रडायची. त्या वेळी पोरीच्या पाठीशी उभा राहिला तो एकच माणूस. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली आधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, तीन साक्षीदार लागतात. ते सगळे कागद नानांनी जमवले, झेरॉक्सच्या तीन-तीन प्रती काढल्या, प्रत्येक प्रतीला टाचणी लावली, आणि पहिला साक्षीदार म्हणून सही केली. मेहुण्याशी जन्माचं वाकडं येणार हे माहीत असून. पुढचे सहा महिने न्हावऱ्याचं दार नानांना बंद होतं. ते कुठे बोलले नाहीत. चारदहाला चहा घेत राहिले.

फक्त एक झालं. रजिस्ट्रारकडे जायचा दिवस ठरवताना नानांनी पोरीला हळूच सांगितलं, "त्या सोमवारी नको. पुढच्या गुरुवारी जाऊ." तिने पाहिलं तर सोमवारी अमावस्या होती.

"नाना, तुम्ही अमावस्या पाळता?"

"छे! ऑफिसात गर्दी किती असेल ते बघत होतो."

"अमावस्येला तर गर्दी नसतेच, नाना."

"म्हणूनच," नाना म्हणाले, "साक्षीदार मिळायचे नाहीत."

नातू झाल्यावर दाजी स्वतः गाडी घेऊन गेले आणि माय-लेकराला घेऊन आले. कुणाला काही सांगितलं नाही, कुणाची माफी मागितली नाही. येताना वाट वाकडी करून दौंडला थांबले, नानांच्या पुढ्यात गुळाची ढेप ठेवली आणि म्हणाले, "केडगावचा हाय. चांगला हाय." नानांनी त्या गुळाचं लेबल वाचलं नाही, हे मी स्वतः पाहिलंय.

आता हळदीचं सांगतो. नानांच्या मुलाचं लग्न, दौंडलाच, हॉलमध्ये. माझे वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे हळदीच्या वेळी माझी आई नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत, खांबाला टेकून. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता, सरकारनेही पाठोपाठ सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक पाठवलं होतं. ती सगळी कात्रणं नानांच्या खिशात होती. त्यांनी बँडवाल्याच्या हातून माइक घेतला. हेरवाडपासून सुरुवात केली, सावित्रीबाईंपर्यंत गेले, रमाबाईंवर आले, आणि शेवटी म्हणाले, "वहिनी, पुढे या! नवरदेवाला पहिली हळद तुम्ही लावायची!"

दोनशे माणसांनी वळून आईकडे बघितलं. आईने पदर आणखी ओढला आणि जमिनीकडे बघत राहिली. नाना पुन्हा म्हणाले, "या, वहिनी! ही क्रांती आहे!" क्रांती म्हटल्यावर तर ती खांबाच्या मागेच गेली. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना. नानांच्या हातातला माइक किंचाळायला लागला.

तेवढ्यात माई आत्या उठली. माई आत्या म्हणजे घरातली सगळ्यात कडक बाई. तिच्या सोवळ्यात शिवलेलं चालत नाही, तिच्या लोणच्याच्या बरणीवर सावली पडलेली चालत नाही. ती हळदीचं ताट घेऊन सरळ खांबापाशी गेली आणि वैतागून म्हणाली, "धर गं जरा. खांदा भरून आलाय माझा. तूच लाव, मी पाणी पिते." आणि ताट आईच्या हातात देऊन पाणी प्यायला निघून गेली. हातात ताट आल्यावर आई काय करणार? गेली, लावली. पुतण्याच्या गालाला हळद लावताना तिचे हात थरथरत होते, पण दोन्ही गालांना लावली.

नंतर मी आईला म्हटलं, "माई आत्याने काय सुरेख केलं! नानांनी उगाच भाषण ठोकलं."

आई म्हणाली, "उगाच नाही. भाऊजी तसं बोलले नसते तर माईंना ताट घेऊन उठता आलं नसतं. लोकांनी त्यांना खाल्लं असतं. शिव्या खायला कुणीतरी आधी लागतं." आणि मग जरा थांबून, "पण माइकवर नको होतं."

नानांना आम्ही हे सांगितलं नाही. माई आत्या त्यांच्या हिशेबात अजून पक्की सनातनी आहे. तिलाही ते माहीत आहे आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

निवडणुका आल्या की नानांचं काम वाढतं. हल्ली त्रास फार होतो म्हणतात, कारण स्टेजवर जो येतो तो नारळ फोडतो, आरती करतो आणि मग 'फुले-शाहू-आंबेडकरांचा पुरोगामी महाराष्ट्र' म्हणून भाषण सुरू करतो. पक्ष कुठलाही असो. पूर्वी मालावरून तरी लेबल ठरवता यायचं, आता लेबल आधी छापून येतं आणि माल नंतर भरतात, अशी त्यांची तक्रार आहे. या तक्रारीत तथ्य आहे असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या कुठल्याच लाइनीत बसत नाही आणि तिचं ते स्पष्टीकरणही देत नाहीत. आषाढात तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला मुक्कामाला येते. त्या दिवशी यवतकर वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचं जेवण घालतात. माई आत्याची नणंद यवतला दिलेली, त्यामुळे दाजी दरवर्षी सेवेला जातात. आणि नाना, विठ्ठलावर विश्वास नसलेले नाना, दरवर्षी त्यांच्याबरोबर जातात. 'सामाजिक अभ्यासासाठी'. अभ्यास म्हणजे पहाटेपासून बेसन चाळायचं, मिरच्या मोजून द्यायच्या, आणि पंगत बसली की बाही सरसावून ओगराळ्याने पिठलं वाढायचं. त्या दिवशी नाना कुणालाही पेपर विचारत नाहीत. रांगेत आलेल्या माणसाला एवढंच विचारतात, "आणखी?"

यंदा वारीत असाल आणि यवतला जेवायला बसलात, तर नाना ज्या पंगतीत वाढतात तिथे बसा. दाजींच्या हातचं पिठलं फार तिखट असतं.